बेंचवरच्या मुली

कोलंबिया, साउथ कॅरोलायना
२१ मार्च २०२४

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "अख्खा सीझन बेंच उबवला आई, पुढच्या वर्षी मी टीममध्ये नावच देणार नाही." मी "बरं, जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. तेव्हा काही सुचलंच नाही. पण गेले चार दिवस पोळ्या लाटताना, गाडी चालवताना मी मनात तुझ्याशीच बोलते आहे. म्हटलं, लिहूनच टाकावं. उद्या आपल्या मुलींची, म्हणजे इथल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमची, एनसीएए ही देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा सुरू होते. लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच, पण तू ते आपलं म्हणून वाच.

३२ सामने झाले आणि ३२ जिंकले. अडुसष्ट संघांत पहिलं मानांकन मिळालं. पहिले दोन सामने इथेच आपल्या कोर्टवर, मग ऑल्बनी, आणि सगळं नीट पार पडलं तर एप्रिलमध्ये उपांत्य आणि अंतिम सामन्यांना क्लीव्हलंड. काल रात्री आपल्याच राज्यातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजच्या मुली पात्रता सामना जिंकल्या, उद्या त्यांच्याशी गाठ आहे. त्यांच्याही आया येतील सामन्याला. त्यांचा विचार मनात येतो गं.

गेल्या वर्षी याच दिवसांत तू घरी होतीस. तेव्हाही एकही सामना हरलो नव्हतो, ३६-० करून डॅलसला उपांत्य फेरीत पोचलो होतो. आणि तिथे आयोवाने ७७-७३ ने हरवलं. त्यांच्या केटलिन क्लार्कने एकटीने ४१ गुण केले. तू सोफ्यावर उशीत तोंड खुपसून पडलीस ती जेवायलाही उठली नाहीस. त्यानंतर दहा-बारा दिवसांत डब्ल्यूएनबीएची, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक लीगची, निवड झाली आणि एका संध्याकाळी आपल्या पाच मुली गेल्या. अलिया बॉस्टन तर सगळ्यांत पहिली. तिच्याबरोबर झिया कूक, ब्रेआ बील, लॅटिशिया अमिहेर आणि व्हिक्टेरिया सॅक्स्टन. आनंद झालाच, पण लग्नघर दुसऱ्या दिवशी कसं ओकंबोकं दिसतं, तसं वाटलं. बाबा म्हणाले, "आता दोन-तीन वर्षं तरी विसरा." कोच डॉन स्टेलींनी स्वतःच यंदाच्या टीमला पाळणाघर म्हटलं होतं.

मनू, या पाळणाघरात कोण होतं ते बघ. गेल्या वर्षी ज्या बेंचवरून यायच्या, बहुतेक त्याच. कमिला कार्डोसो मागच्या वर्षी बॉस्टनला दम लागला की आत यायची. सहा फूट सात इंच उंच मुलगी, ब्राझीलच्या मोंटेस क्लारोसहून पंधराव्या वर्षी एकटी अमेरिकेत आलेली. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या दिवसापासून खेळली असती. इथे दोन वर्षं बॉस्टनच्या मागे राहिली आणि रोज सरावात तिच्याशीच भिडली. देशातल्या सगळ्यांत चांगल्या सेंटरशी, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच मुलीशी, रोज दोन तास झुंजायचं, आणि सामन्याच्या दिवशी मात्र आपली पाळी यायची वाट बघायची. आज ती काय खेळते ते तू बघतेच आहेस. यंदा आपल्या एसईसी ह्या कॉलेजांच्या विभागातली ती सर्वोत्तम बचावपटू ठरली.

ब्री हॉलही तशीच. आपण दोघी म्हणायचो ना, ही छान खेळते पण दिसत नाही. यंदा जानेवारीत बॅटन रूजला, एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) घरी, तेरा-चौदा हजार लोक कानठळ्या बसवत होते आणि सामना अगदी काट्यावर होता, तेव्हा शेवटच्या काही मिनिटांत थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा चेंडू, टाकायची हिंमत तिने केली. आपण ७६-७० ने जिंकलो.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते रेव्हन जॉन्सनचं. पहिल्याच वर्षी तिचा गुडघा गेला आणि दोन सामन्यांनंतर सगळा सीझन बसून काढावा लागला. दुसऱ्या वर्षी जास्त करून बेंचवरून आली. आणि डॅलसच्या त्या सामन्यात ती थ्रीच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन मोकळी उभी असताना क्लार्क तिच्यापर्यंत आलीच नाही. तिथूनच हात झटकला, म्हणजे जा, टाक, तुझं काय पडणार आहे. ती चित्रफीत जगभर फिरली. वीस वर्षांच्या मुलीचं काय झालं असेल गं? पण हिशेबाने बोलायचं तर गेल्या वर्षी तिचे बाहेरून टाकलेले चारातला एक पडायचा. यंदा तिनातला एक पडतो, कधी त्याहून जास्त. ऐकायला हा फरक किती बारीक वाटतो! पण तो कसा आला असेल, याचा विचार कर. रिकाम्या हॉलमध्ये, एकाच जागेवरून, एकाच हाताने शेकडो वेळा टाकून. आता तिला कोणी मोकळं सोडत नाही, आणि बचाव करणारी बाहेर आली की आत कार्डोसोला जागा मिळते. सगळ्या टीमचा खेळ त्या एका मुलीच्या मनगटाने मोकळा केला, असं माझं मत आहे. बाबांना ते मान्य नाही. ते टे-हिना पाओपाओचं नाव घेतात, आणि त्यांचंही चुकत नाही. ऑरेगन विद्यापीठातून आलेली ती मुलगी बाहेरून शंभरात पंचेचाळीसच्या वर टाकते आहे. गेल्या वर्षी सगळे संघ आपल्याविरुद्ध आत घोळका करून उभे राहायचे आणि बाहेर कोणाला अडवायचेच नाहीत. ती युक्ती आता चालत नाही.

आणि बेंच! पाच-सहा मिनिटं झाली की स्टेली बाई बेंचकडे वळतात. मिलेशिया फुलवायली, अ‍ॅशलिन वॉटकिन्स, टेसा जॉन्सन, सानिया फेगिन अंगावरचे सराव-शर्ट डोक्यावरून ओढून काढतात आणि टेबलाशी जाऊन गुडघ्यावर बसतात. मी कोर्टकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघते. कोणाच्याही चेहऱ्यावर "एकदाचं आठवलं का?" असा भाव नसतो. बुटांचे तळवे हाताने पुसतात, एकमेकींच्या कानात काहीतरी सांगतात आणि जातात. समोरच्या टीमची दमछाक तिथूनच सुरू होते, कारण त्यांच्या पहिल्या पाचजणी दमलेल्या असतात आणि आपल्या या ताज्या. बेंचवरून आलेल्या मुलींचे मिळून सामन्याला तीसच्या वर गुण होतात. अमेरिकेत कुठल्याही टीमचं असं नाही.

फुलवायली तर आपल्या कोलंबियाचीच, कीनन हायस्कूलची. नोव्हेंबरमध्ये पॅरिसला नोत्र दाम विद्यापीठाशी सामना होता, तिचा कॉलेजातला पहिलाच. चेंडू घेऊन एका टोकापासून निघाली, भर धावेत पाठीमागून हात बदलला आणि उलट्या हाताने बास्केट टाकलं. तू मला त्याची चित्रफीत तीन वेळा पाठवलीस. आपण १००-७१ ने जिंकलो. वॉटकिन्सही इथलीच. आणि तरी दोघी बेंचवरून येतात. फुलवायली अजून चुकते, घाई करते, हातातला चेंडू घालवते. त्या दिवशी ती लवकर बाहेर बसते आणि तिच्या जागी टेसा येऊन शांतपणे दोन थ्री टाकून जाते. एकीचा दिवस नसला की दुसरीचा असतो. हेच या टीमचं बळ, मला विचारशील तर.

फेब्रुवारीत कार्डोसो ब्राझीलकडून ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा खेळायला गेली होती. नेमका तेव्हाच इथे यूकॉनचा, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचा, सामना. मी आणि बाबा गेलो होतो. अठरा हजारांचं सभागृह गच्च भरलं होतं आणि माझ्या पोटात गोळा. उंच मुलगी नाही, आत कोण राखणार? ८३-६५ ने जिंकलो. जी आली तिने राखलं. त्या रात्री घरी येताना बाबा गाडीत म्हणाले, "ही टीम कोणा एकीची नाही गं."

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. आघाडी मिळाली की या पोरी ढिल्या पडतात. बारा दिवसांपूर्वी ग्रीनव्हिलला आपल्या विभागाच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध तेवीस गुणांनी पुढे होत्या आणि ते सगळं घालवलं. शेवटच्या सेकंदाला दोन गुणांनी मागे! कार्डोसोने बाहेरून फेकलेला चेंडू फळीवर आपटून आत पडला, ७४-७३. कॉलेजच्या खेळात त्याआधी तिचा एकही थ्री पडलेला नव्हता. मी रडले, खोटं कशाला सांगू. आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात एलएसयूशी धक्काबुक्की झाली. कार्डोसोने समोरच्या मुलीला जोरात ढकललं. तिला बाहेर काढलं, बेंचवरून धावत आत गेलेल्यांनाही काढलं. सामना ७९-७२ ने जिंकलो, फुलवायली त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, पण मला वाईट वाटलं. स्टेली बाईंनी तिथेच, कोर्टवर उभं राहून माफी मागितली. कार्डोसोनेही मागितली. शिक्षा म्हणून उद्या तिला बसावं लागणार आहे. टीमची सगळ्यांत मोठी मुलगी उद्या बेंचवर.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती मी तुला कधी सांगितली नव्हती. नागपूरला आम्ही सिमेंटच्या कोर्टवर खेळायचो. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजताही सिमेंट असं तापलेलं असायचं की आम्ही आधी बादलीने पाणी मारायचो, वाफ निघायची, मग खेळ सुरू. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझी विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेला बाराजणी गेलो. तिथे सात खेळल्या. मी चारही सामने बसून होते, एक मिनिटसुद्धा आत गेले नाही. त्याहून वाईट म्हणजे सहा महिन्यांच्या सरावात आमच्या प्रशिक्षकांनी आम्हा पाचजणींना त्या सातजणींविरुद्ध कधी खेळवलंच नव्हतं. आम्ही चेंडू आणून द्यायचो आणि पाण्याच्या बाटल्या भरायचो. परत आले तेव्हा तुझी आजी दारातच म्हणाली, "जिंकून आली ना वं?" मी म्हटलं, हो, तिसरे आलो. आणि आठ दिवसांनी बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले. पुन्हा कोर्टवर गेले नाही. तू पाचवीत असताना अंगणात तुझ्यासाठी बास्केट लावलं, तेव्हा सोळा वर्षांनी चेंडू हातात घेतला.

म्हणून रविवारी मला बोलता आलं नाही बेटा. "धीर धर" म्हणायचा मला अधिकार नाही, मी स्वतः धरला नव्हता. आणि तेव्हा सोडलं त्यात माझी चूक होती असंही मला आज वाटत नाही. ते बसवणं वेगळं होतं. इथे कार्डोसोला बॉस्टनविरुद्ध खेळवत ठेवलं, फुलवायलीला चुका करायला मिनिटं दिली. २००८ साली स्टेली इथे आल्या तेव्हा पहिल्या वर्षी त्यांनी दहा सामने जिंकले आणि अठरा हरले. वाट बघणं काय असतं ते त्या बाईंना ठाऊक आहे. तुझं बसणं यातलं कुठलं आहे, ते मला इथून कळत नाही. तुलाच बघायला हवं. सरावात तुला पहिल्या पाचजणींविरुद्ध खेळवतात का? चुकलीस तर कोच थांबवून सांगतात, की सोडून देतात? तुला जी सहा मिनिटं मिळतात ती सामना संपल्यात जमा झाल्यावर, की मध्येही कधी? आणि तुला स्वतःला संध्याकाळी त्या हॉलमध्ये जावंसं वाटतं का? ही उत्तरं माझ्यासारखी असतील तर सोड, मी एका शब्दाने विचारणार नाही. तसं नसेल तर नाव कापायच्या आधी एकदा कोचशी बोल. मी कोणाशी बोलले नव्हते.

तुझे जुने बूट कपाटात सापडले, तळवा गेला आहे. नवे घ्यायचे की नाही, ते तू ठरवल्यावर सांग. बेसनाचे लाडू मात्र कालच पाठवलेत, शनिवारपर्यंत पोचतील. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीलाही दे.

उद्याचा सामना दुपारी आहे, तुला तास नसेल तर लाव. कार्डोसोच्या जागी सुरुवातीला कोण उतरणार, यावर घरात वाद चालू आहे. बाबा वॉटकिन्स म्हणतात, मी फेगिन म्हणते. तुझा अंदाज सामना सुरू व्हायच्या आधी कळव.

तुझी,
आई