गाळ उचलण्याआधी तो बाटलीत पाहा

मा. संपादक,

उन्हाळा लागला की आटपाडी, जत, माण, खटावच्या पाझर तलावांत जेसीबी उतरतो आणि जे निघेल ते ‘गाळ’ म्हणून टिपरने शेतात पडते. पण तलावाच्या तोंडाचा गाळ वेगळा, भरावाजवळचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाजवळचा, वेगळा. पाण्याने तो आधीच चाळून ठेवलेला असतो.

ओढा तलावात शिरतो तिथे पाण्याचा जोर मोडतो. गोटे, खडे, जाड वाळू तिथेच पडते. पुढे बारीक वाळू, मग पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण), आणि भरावालगतच्या संथ पाण्यात चिकणमाती. बारीक कणाची जाडी निम्मी झाली की त्याचा बुडण्याचा वेग चौथाईवर येतो. ०.०५ मिमीचा कण १० सेंमी खाली जायला पाऊण मिनिट घेतो, ०.००२ मिमीचा जवळजवळ आठ तास! आकाराचेही तसेच. चपटी कपची हेलकावत उशिरा बसते, म्हणून ती स्वतःपेक्षा बारीक गोल कणांच्या थरात सापडते. त्यात दर पुराचा थर निराळा, खाली जाड आणि वर बारीक. तेव्हा वरची मूठभर माती पाहून सौदा करू नये. खड्ड्याची कड वरपासून खालपर्यंत खरवडून नमुना घ्यावा.

नमुना वाळवून, ढेकळे फोडून, खडे काढून उभट काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून पाच-दहा मिनिटे जोरात हलवा. बरणी ठेवल्यावर एका मिनिटाने वाळूची खूण करा, दोन तासांनी पोयट्याची, दुसऱ्या दिवशी चिकणमातीची. बहुतेकांचे चुकते ते पाण्यात. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात, तासाभरात पाणी निवळते आणि चिकणमाती पोयट्यात मोजली जाते. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम.

निम्म्याहून जास्त वाळू निघाली तर तो गाळ रस्त्याला द्या, डिझेल वाचेल. चिकणमाती फक्त मुरमाड रानात, तीही पातळ थराने आणि नांगरून मिसळून. न मिसळता जाड थर दिला तर वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. काळ्या रानात ती टाकणे म्हणजे निचऱ्याला बूच मारणे.

आणि चांगला गाळ भरावाकडे असला, तरी भरावाचा पायथा कोरू नये.

– एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)