स्मोकर होऊ द्या, पण गॅसची टाकी पार्किंगमध्ये कापू देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
जळगाव.

विषय : पार्किंगमधली जुनी गॅसची टाकी कापण्यास तातडीने मनाई करणे आणि बार्बेक्यू स्मोकरसाठी इमारतीमागची मोकळी जागा देणे.

महोदय,

आपल्या सोसायटीतल्या तरुण पोरांनी भंगारवाल्याकडून एक उंच गॅसची टाकी आणली आहे. ती सध्या ए विंगच्या जिन्याखाली उभी आहे. आडवी कापून, झाकण लावून तिचा स्मोकर करायचा, म्हणजे मंद आचेवर आणि धुरावर मांस-भाज्या शिजवायची भट्टी करायची, असा त्यांचा बेत आहे. रविवारी सकाळी कोणाचा तरी ग्राइंडर येणार आहे आणि काम पार्किंगमध्येच होणार आहे. हे काम कृपया आजच थांबवावे. मात्र स्मोकर करायला समितीने ‘नाही’ म्हणू नये. या दोन्ही गोष्टी मी का मागतो आहे ते सविस्तर लिहितो, कारण माझे सारे आयुष्य इथल्या एमआयडीसीत पत्रा, पाइप आणि वेल्डिंग यांतच गेले आहे.

मी खाली जाऊन टाकी नीट पाहिली. ४७.५ किलोची, हॉटेल-ढाब्यावर वापरतात ती. रंग बराचसा खरवडलेला आहे, पण वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे अजून वाचता येतात. ए, बी, सी, डी यांतले अक्षर वर्षाची तिमाही दाखवते आणि आकडे साल. त्या मुदतीनंतर टाकीची पुन्हा चाचणी घ्यावी लागते. ही मुदत केव्हाच उलटून गेली आहे. व्हॉल्व्ह मात्र जागेवर आहे. त्याच्याशी नाक नेल्यावर मंद वास आला. पोरांना विचारले तर म्हणाली, “काका, टाकी रिकामी शे.” त्यांचा हेतू वाईट नाही. शेगडी पेटत नाही म्हणजे टाकी रिकामी, असेच घरोघरी समजतात.

शेगडी विझते ती टाकीतला दाब बाहेरच्या हवेइतका झाल्यावर. द्रव गॅस संपला तरी टाकीच्या पोटात वायू काठोकाठ भरलेलाच राहतो. या टाकीत शंभर लिटरहून जास्त जागा आहे, म्हणजे पाव किलोच्या आसपास गॅस अजून आत असू शकतो. आता व्हॉल्व्ह काढून टाकी दोन दिवस उन्हात ठेवली की गॅस उडून जाईल, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला आहे. मला सगळ्यात जास्त भीती याच सल्ल्याची वाटते. हवेत या गॅसचे, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचे, प्रमाण साधारण शेकडा २ ते ९ असते तेव्हाच ते मिश्रण पेट घेते. टाकीत नुसता गॅस कोंबलेला असेल तर आत जळायला हवा पुरत नाही. टाकी उघडी ठेवली की हळूहळू हवा शिरते आणि मिश्रण नेमके त्या टप्प्यात येऊन थांबते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. उभ्या टाकीच्या तळाशी तो बसून राहतो, आणि बाहेर पडलाच तर पार्किंगच्या फरशीवरून वाहत जाऊन जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साचतो. आपल्या पार्किंगमध्ये अशी जागा म्हणजे लिफ्टचा खड्डा आणि ड्रेनेजचे चेंबर. लिफ्टच्या विजेच्या सामानात ठिणगी उडायला कितीसा वेळ लागतो, ते आपण सगळे जाणतो.

वास येत नाही म्हणजे गॅस नाही, हेही खरे नाही. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून कंपन्या त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. आतून गंजलेल्या टाकीत हा वास कमी होत जातो आणि नाकालाही थोड्या वेळाने त्याची सवय होते. उलट तळाशी एक तपकिरी तेलकट गाळ बसलेला असतो. तो वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि ग्राइंडरने पत्रा तापला की त्यातून पुन्हा वाफ निघते.

व्हिडिओत दाखवतात की टाकी काठोकाठ पाण्याने भरायची आणि मग कापायची. ही पद्धत खरोखर आहे. वर्कशॉपमध्ये टाकी आधी वाफेने धुतात किंवा पाण्याने भरतात, आत कुठे हवेची पोकळी राहिली नाही हे बघतात, गॅस-मापकाने तपासतात आणि त्यानंतरच पहिला छेद देतात. पण ही टाकी व्हॉल्व्ह वर करून उभी ठेवली तर कापायची जागा मध्यावर येते, छेद देताच पाणी उतरून वर पोकळी होते, आणि आडवी केली तर एका बाजूला पोकळी राहते. व्हॉल्व्ह काढायला लांब पाना आणि टाकी घट्ट धरणारी पकड लागते. लोखंडी पान्याने जोर लावताना ठिणगी पडू शकते. आपल्याकडे यातले काही नाही. ज्यांच्याकडे आहे, तेसुद्धा हे काम मोकळ्या जागेत करतात, आणि इथे वर चार मजले माणसे झोपलेली असणार.

नोकरीला लागलो तेव्हाच्या दिवसांत, मी जिथे काम करायचो त्या कारखान्यात एका हेल्परने थिनरचे रिकामे ड्रम कापायला घेतले. झाकण दोन दिवस उघडे होते, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. ड्रमचा तळ सुटून शेडच्या पत्र्याला जाऊन लागला. त्या पोराचा हात वाचला, पण उजवा कान कायमचा गेला. ड्रमचा पत्रा पातळ असतो, तो लवकर फाटतो. गॅसच्या टाकीचा पत्रा जाड असतो आणि तो फाटेपर्यंत आतला दाब कितीतरी वाढतो.

कायद्याचाही प्रश्न आहे. सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतो. आपण भरतो ती अनामत असते आणि सिलिंडर कंपनीचाच राहतो. भंगारवाल्याला तो विकायचा अधिकारच नव्हता. स्फोटक अधिनियम, १८८४ खाली केलेले गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. निकामी ठरलेला सिलिंडर पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने नष्ट करावा लागतो. उद्या काही झाले तर समितीला माहीत होते की नाही, हे विचारले जाईलच. हे पत्र मिळाल्यावर समितीला ते माहीत झाले आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. टाकी हलवायची असेल तर आधी गॅस एजन्सीला फोन करून त्यांच्याच माणसांना बोलवावे. कोणी ती रिक्षात टाकून नेऊ नये.

आता पोरांच्या बाजूने.

अध्यक्ष साहेब, आपल्या भागात हिवाळा लागला की भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. बामणोदची हिरवी, टपोरी वांगी बाजारात येतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण शेतात बसून, पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडे पेटवून, वांगी भाजून, लाकडी मुसळीने ठेचून केलेल्या भरिताची मजा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांच्या वाट्याला क्वचितच येते. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालायचे आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर खायचे. ही पोरे मोबाइल बाजूला ठेवून हाताने काहीतरी बनवायला निघाली आहेत. ती एकत्र येऊन पैसे काढतात, मोजमापे घेतात, लोखंडाचा भाव विचारतात. त्यांना नुसते ‘नाही’ म्हटले तर ती हेच काम गावाबाहेर कुठेतरी, कोणाच्याही देखरेखीशिवाय करतील.

म्हणून मी पर्याय देतो. टायर-पंक्चरच्या दुकानात असते तशी जुन्या एअर कॉम्प्रेसरची आडवी टाकी भंगारात मिळते. आकार जवळपास तोच, पत्रा जाड, आणि तिच्यात आयुष्यभर फक्त हवा राहिलेली असते. तळाशी तेल आणि पाणी साचलेले असते, ते खालचा कॉक उघडून काढायचे. सगळे प्लग काढून टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवायची आणि पूर्ण वाळवायची. आत किंवा बाहेर जस्ताचा थर असलेली टाकी मात्र घ्यायची नाही. जस्त तापले की त्याचा धूर छातीत बसतो आणि ताप येतो. वेल्डिंगवाले हे जाणतात.

कापताना एक गोष्ट पोरांना मी स्वतः दाखवीन. गोल टाकीचा पत्रा आत ताण धरून बसलेला असतो. झाकणाच्या चारही बाजू एका दमात कापल्या तर तुकडा उघडून फाकतो आणि पुन्हा बसत नाही. आधी फक्त मागची बाजू कापायची, तिथे बिजागऱ्या वेल्ड करायच्या आणि मग उरलेल्या तीन बाजू कापायच्या. झाकणाच्या कडेला आतून नव्हे तर बाहेरून पट्टी लावायची, म्हणजे फटीतून धूर कमी सुटतो. कोळशाची पेटी वेगळी, चौकोनी, पाच-सहा मिलिमीटरच्या प्लेटची करायची. तिची जागा मुख्य टाकीच्या साधारण एक तृतीयांश असावी. पेटी एका टोकाला आणि धुराडे दुसऱ्या टोकाला ठेवायचे, आणि धुराड्याचे तोंड आत जाळीच्या उंचीजवळ घ्यायचे, नाहीतर गरम धूर वरच्या वर निघून जातो आणि जाळीवरचे कच्चे राहते. हवा येणारी खिडकी आणि धुराडे, दोन्हीकडे सरकती झाकणे हवीत. तळाला भोक पाडून खाली डबा टांगायचा. चरबी आत साचली तर तीच पेट घेते. आतून रंग लावायचा नाही. पहिल्यांदा आतल्या सगळ्या पत्र्याला खाण्याचे तेल पुसून तीन-चार तास आच द्यायची, म्हणजे उरलेसुरले तेल-ग्रीस जळून जाते आणि पत्र्यावर काळा थर बसतो. त्या दिवशी आत काहीही शिजवायचे नाही.

तापमापक झाकणाच्या माथ्यावर न लावता जाळीच्या पातळीवर लावावा. वर आणि खाली मोठा फरक पडतो. स्मोकरमध्ये आच साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस ठेवतात. कोंबडी मात्र आतून ७४ अंशांपर्यंत पोहोचायलाच हवी, हे सुई घालून बघायचे, रंगावर जायचे नाही. इंधन म्हणून बाभळीचा कोळसा आणि वरून आंब्याची वा जांभळाची सुकी लाकडे. प्लायवूड, रंगवलेले फर्निचर, फळकुटे अजिबात नकोत. आणि भरितासाठी मंद धुराचा उपयोग नाही, वांग्याला थेट जाळ हवा. त्यासाठी कोळशाच्या पेटीवरच एक उचलता येणारी जाळी करू. पऱ्हाट्या पेटवल्या की वांगी तिथे झटपट होतील, फक्त आधी सुरीने टोचून घ्यावीत. नाहीतर ती फुटतात.

सोसायटीत शाकाहारी घरे बरीच आहेत, त्यांच्या भावनांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. माझे मत असे आहे की शाकाहारी पदार्थांसाठी वेगळी जाळी, वेगळे चिमटे ठेवावेत, आणि मांस करायचे असेल तो दिवस आधी सूचनाफलकावर लिहावा. सणवार, एकादशी, चातुर्मास यांबद्दल काय करायचे ते सर्वसाधारण सभेने ठरवावे. मी त्यात पडत नाही, पण पोरांनी ते पाळले पाहिजे.

जागेबद्दल. गच्चीवर नको, तिथे वॉटरप्रूफिंग आहे आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या आहेत. पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली तर कधीच नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो माणसाला झोपेतच मारतो. इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीजवळ मोकळी जागा आहे. तिथे वर तारा नाहीत आणि गाड्याही लागत नाहीत. फक्त संध्याकाळी तिथला धूर बी विंगच्या गॅलऱ्यांकडे वळतो, म्हणून धुराडे उंच करावे आणि तळमजल्यावरच्या दोन्ही घरांची संमती आधी घ्यावी. शेजारी वाळूची बादली, पाण्याची नळी आणि पार्किंगमधला अग्निशामक असावा. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावी, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात नाही. आग पूर्ण विझेपर्यंत एक मोठा माणूस तिथेच थांबावा, आणि रात्री १० नंतर पेटवू नये.

कामासाठी माझे वेल्डिंग मशीन आणि माझा वेळ मी विनामोबदला देईन. टाकी आणि प्लेटचा खर्च पोरे वर्गणीतून करणार आहेत, सोसायटीच्या निधीतून काही नको.

आज संध्याकाळीच कोणीतरी त्या टाकीभोवती दोरी बांधावी, ‘हात लावू नये, विडी-सिगारेट पेटवू नये’ असा फलक लावावा आणि जिन्याखाली उभ्या असलेल्या दुचाकी तिथून हलवाव्यात. व्हॉल्व्हला कोणी पाना लावू नये. गॅस एजन्सीला उद्या सकाळी फोन करावा, मी सोबत थांबायला तयार आहे. जागेच्या परवानगीचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. ग्राइंडर रविवारी येणार असल्याने पार्किंगमधील कामाला मनाईची लेखी सूचना शनिवारी दुपारपर्यंत लिफ्टजवळच्या फलकावर लागावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
बी विंगमधील एक सभासद

प्रत : सचिव, खजिनदार, आणि टाकी आणणाऱ्या पोरांना त्यांच्या माहितीसाठी.