मूळ मालकाकडील जुन्या गाड्यांचे जतन

माननीय संपादक महोदय,

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी १९७८ साली वडिलांनी कोरी घेतली आणि तेव्हापासून ती आमच्याच दारात आहे. सध्या तिचे पुनरुज्जीवन चालू असताना प्रकर्षाने जाणवते, की १०८९ सीसीचे इंजिन उतरवणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरी कसोटी पत्र्याची असते. दाराखालच्या पट्टीवरचा रंग खरवडला तेव्हा आतला पत्रा बोटाने दाबला जाईल इतका गंजलेला निघाला. तिथे नुसती पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे गंज झाकणे होय. सडलेला भाग कापून, त्याच जाडीचा पत्रा ठोकून, जोडून घेणारे जुने मिस्त्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते, हे स्वागतार्हच आहे. मात्र पन्नाशी गाठेपर्यंत या गाड्या टिकवायच्या कशा, याचा विचार कुठे दिसत नाही. एकाच घरात राहिलेल्या गाडीची पहिल्या दिवसापासूनची कागदपत्रे आणि मूळ सुटे भाग शाबूत असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तिचे मोल मला विशेष वाटते. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी कार्ब्युरेटर (जुन्या इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) दुरुस्तीचा आणि पत्राकामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करून या मिस्त्रींनाच तिथे शिकवायला बोलवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, सांगली