सहामाही अहवालात नसलेला रकाना

महोदय,

मी मानसशास्त्रात पीएचडी करते, विषय मनःस्वास्थ्य. माझं मुख्य साधन म्हणजे मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची जीवनसमाधान मापनी: ५ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५. बरोबर २० आले तर माणूस धड समाधानी नाही, धड असमाधानीही नाही. दिसायला किती सोपं!

‘मी माझ्या आयुष्याबाबत समाधानी आहे’ या विधानापाशी, ही प्रश्नावली भरणाऱ्या एका आजींची पेन्सिल बराच वेळ अडली. “आजचं विचारतेस की एकूणातलं?” मग ४वरचा गोल खोडून त्यांनी ६वर केला. माझ्या तक्त्यात फक्त ६ उरला. त्या खोडण्याचं काय करायचं, असं मार्गदर्शकांना विचारलं. ‘आधी नमुनासंख्या (म्हणजे जितक्या जणांकडून भरून घ्यायचं तो आकडा) पूर्ण करा’, एवढंच उत्तर आलं, तेही अकरा दिवसांनी.

परवा रात्री २ वाजता तीच प्रश्नावली मी स्वतः भरली. बेरीज ११. (आधी हसू आलं.) आमच्या सहामाही प्रगती अहवालात प्रकरणं, परिषदा, शोधनिबंध सगळ्याला रकाने आहेत, ‘तुम्ही कसे आहात?’ याला नाही. विद्यापीठांनी तो घालावा, आणि तो वाचणारी व्यक्ती मार्गदर्शक नसावी.

– एक संशोधक विद्यार्थिनी