बदामीच्या वाटेवरील अनामिकांचे आभार

सोलापूरहून रेल्वेने बदामीला जाताना आपली खालची बर्थ माझ्या वृद्ध आईला देऊन स्वतः रात्रभर वरच्या बर्थवर अवघडून झोपलेल्या सहप्रवाशाचे नाव विचारायचे राहून गेले, याची खंत आहे. बदामी स्थानक गावापासून सुमारे ५ किलोमीटर दूर आहे. पहाटेच्या अंधारात आमचे सामान उचलून रिक्षापर्यंत आणणाऱ्या तरुणाने तर आभार मानण्याचीही संधी दिली नाही.

सर्वांत मोठे ऋण मात्र तिसऱ्या लेण्यातील पहारेकऱ्याचे आहे. चालुक्य राजा कीर्तिवर्मा याच्या काळातील, त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवलेला, शके ५०० म्हणजेच इ.स. ५७८ चा शिलालेख त्यांनी आम्हांला नेमका दाखवला, आणि आईला पायऱ्या चढताना दम लागला तेव्हा, घाईतल्या पर्यटकांना थोपवून, तिला कठड्याशी बसवले. (त्यांचे कानडी आम्हांला निम्मेच कळले, पण त्याने काही अडले नाही.) दुसऱ्या दिवशी पट्टदकलला, राणी लोकमहादेवीने बांधवलेल्या विरूपाक्ष मंदिरात, स्तंभांवरील रामायणाचे प्रसंग आईला एकेक करून समजावणाऱ्या शिक्षिकाबाईंचे आणि त्यांच्या विद्यार्थिनींचेही आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत.