पेजेबरोबरचे नूडल्स: रत्नागिरीच्या मित्रास पत्र

हाँगकाँग,
१२ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गेल्या महिन्यात तू दोनदा घरी नूडल्स करून पाहिलेस आणि दोन्ही वेळा त्यांचा गिचका झाला; कढईच्या तळाशी पाणी सुटले, नूडल्स एकमेकांना चिकटले आणि येथील शाम शुई पो या भागातल्या त्या पेजेच्या दुकानात आपण सकाळी साडेसातला जे खाल्ले त्याची चव काही केल्या आली नाही, असे तू लिहितोस. येथून कोणता सॉस पाठवू, असेही विचारतोस. सॉस मी पाठवीनच, पण नुसत्या बाटलीने हे काम होणार नाही. त्या नूडल्सचे सारे मर्म कोरडेपणात आहे, आणि तुझ्या पत्रातल्या प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी मला पाणीच दिसते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

ते दुकान तुला आठवत असेलच. तुझ्यापुढे जूक ठेवल्यावर तू म्हणालास, ही तर आपली पेज, फक्त जास्त घोटलेली. आणि शेजारच्या बशीत ते तपकिरी, बारीक नूडल्स आले. आत तो बल्लव उजव्या हाताने उलथणे चालवत होता आणि डाव्या हातातल्या लांब चॉपस्टिकने नूडल्स वर उचलून सोडत होता. दर उचलण्याबरोबर त्यांतून वाफेचा एक लोट निघे, आणि ते पुन्हा कढईत पडताना चर्र असा आवाज होई. तो आवाज नीट लक्षात ठेव, कारण घरी तुला डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबायचे आहे. चर्र आवाज म्हणजे पाणी उडून जाते आहे, आणि रटरट आवाज म्हणजे पाणी कढईत साचते आहे.

या पदार्थाला कँटनी भाषेत ‘सी याऊ वाँग चाऊ मीन’ म्हणतात. सी याऊ म्हणजे सोया सॉस, वाँग म्हणजे बादशहा, चाऊ म्हणजे मोठ्या आचेवर परतणे आणि मीन म्हणजे गव्हाचे नूडल्स. आपल्याकडे हाक्का नूडल्स म्हणून जे खातात ते कोलकात्याच्या चिनी वस्तीतून आले, आणि त्यांत आले, लसूण, मिरची, व्हिनेगर यांना मानाचे स्थान आहे. मलाही ते आवडतात, पण ते घराणे वेगळे आणि हे घराणे वेगळे. येथे लसूण नाही, मिरची नाही, कोबी, गाजर, सिमला मिरची यांची रास तर मुळीच नाही. तू दोन्ही वेळा अर्धा कोबी चिरून घातलास, असे लिहिले आहेस. तापलेल्या कढईत एकदम एवढा कोबी पडला की तिची धग बसते आणि कोबी आपले पाणी सोडत राहतो. तेच पाणी तुझ्या नूडल्सनी पिऊन घेतले.

आता नूडल्सविषयी. येथे जे वापरतात ते बारीक, पिवळसर असतात आणि कच्चे असताना त्यांना किंचित उग्र वास येतो. तो वास क्षाराचा आहे. गव्हाचे पीठ आणि अंडे यांत ‘गान सोई’ नावाचे क्षाराचे पाणी घालतात, आणि हा क्षार आपल्या पापडखाराच्याच जातीचा असतो. पापडखाराने उडदाच्या पिठाचे रूप जसे पालटते, तसे या क्षाराने गव्हाच्या पिठातले ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, घट्ट होते. नूडल्स दाताला चिवट लागतात आणि पिठाचाच रंग पिवळा होऊन वर येतो. रत्नागिरीत ताजे नूडल्स तुला मिळणार नाहीत, तेव्हा एग नूडल्सचे पाकीट घे आणि त्यात जितके बारीक मिळतील तितके बघ. मैद्याचे जाड नूडल्स यासाठी घेऊ नकोस. ते तेल आणि सॉस पितात, पण कुरकुरीत होत नाहीत.

दोघांसाठी १२० ग्रॅम सुके नूडल्स पुष्कळ झाले. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळू दे, नूडल्स न तोडता त्यात सोड (लांब नूडल म्हणजे दीर्घ आयुष्य, अशी येथील श्रद्धा असल्यामुळे कोणीही तो मोडत नाही), आणि पाकिटावर जेवढा वेळ दिला असेल त्याच्या एक मिनिट आधीच रोळीत उपस. लगेच वरून गार पाणी ओत, म्हणजे आतली उष्णता त्यांना पुढे शिजवत राहणार नाही. येथपर्यंत तूही केले असशील. यापुढे जे करायचे ते तू केले नाहीस, असे मला खात्रीने वाटते. रोळी दहा मिनिटे निथळू दे, मग स्वच्छ पंचा पसरून त्यावर नूडल्स बोटांनी मोकळे करून पसर आणि निदान अर्धा तास पंख्याखाली ठेव. हाताला ते ओले लागता कामा नयेत, किंचित खरखरीत लागले तर उत्तम. काकू पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवतात आणि ते फुलून मोकळे झाल्याशिवाय फोडणीत घालत नाहीत. फोडणीच्या भाताला त्या आदल्या रात्रीचाच भात घेतात, गरम भात घेत नाहीत. त्यांच्या हातात जे आहे तेच येथे हवे आहे. माझ्या शेजारच्या आजी, ज्यांना मी येथील रीतीप्रमाणे ‘पो पो’ म्हणतो, त्या तर सकाळी उकडून ठेवलेले नूडल्स संध्याकाळी परततात.

भाज्या तीनच: मुगाचे मोड, कांद्याची पात आणि गाऊ वाँग. गाऊ वाँग ही लसणाच्या वासाची पिवळी, मऊ पात असते. मुळात हिरव्या असणाऱ्या त्याच झाडाला उजेड न दाखवता वाढवले की ती पिवळी आणि नाजूक होते. तुला ती मिळायची नाही, पण थंडीत बाजारात ओल्या लसणाची कोवळी पात येते, ती मूठभर घे. मोड मात्र घरीच कर, आणि आपल्या उसळीचे मोड यात चालणार नाहीत. येथील मोड बोटाएवढे लांब, पांढरे आणि रसाळ असतात, पण बी तेच, आपला हिरवा मूग. रात्रभर भिजवलेला मूग भोके असलेल्या डब्यात घाल, वर ओले फडके आणि त्यावर वजन ठेव, डबा अंधारात ठेव आणि दिवसातून तीन-चार वेळा वरून पाणी ओतून निथळू दे. चार-पाच दिवसांत मोड दोन इंच होतात. वजनामुळे ते जाड होतात आणि अंधारामुळे पांढरे राहतात. उजेड लागला तर हिरवे पडून कडसर होतात. मग एकेक मोड हातात घेऊन त्याची धाग्यासारखी शेपटी आणि वरचा मुगाचा दाणा खुडून टाकायचा. उरतो तो चकचकीत पांढरा देठ, म्हणून त्याला येथे ‘चांदीचे मोड’ म्हणतात. काम किचकट आहे, पण शेपट्या राहिल्या तर त्या नूडल्समध्ये केसासारख्या दाताखाली येतात. पो पो दूरदर्शन बघत बघत एवढे मोड निवडून मोकळ्या होतात आणि मला मात्र अर्धा तास लागतो, तरी हे काम मी कधी टाळत नाही. धुतलेले मोडही पंच्यावर कोरडे झाले पाहिजेत.

सॉस दोन प्रकारचे लागतात. ‘साङ चाऊ’ म्हणजे पातळ, फिका आणि खारट, चव त्याची. ‘लो चाऊ’ म्हणजे दाट, काळसर आणि किंचित गोड, रंग त्याचा. एक मोठा चमचा पहिला, दीड लहान चमचा दुसरा, अर्धा लहान चमचा साखर आणि साखर विरघळण्यापुरते चमचाभर गरम पाणी, एवढे वाटीत आधीच कालवून ठेव. कढईपाशी उभे राहून बाटल्या उघडायला वेळ मिळत नाही. काळा सॉस यापेक्षा वाढवू नकोस. रंग आला नाही म्हणून तो ओतत गेले की नूडल्स काळे आणि कडू होतात, आणि खरा रंग तर परतल्यानेच येतो. काही जण यात ऑयस्टर सॉस घालतात. मी घालत नाही, कारण त्याच्या दाटपणामुळे नूडल्स पुन्हा ओलसर होतात.

आता आच. येथील लोक ज्याला ‘वॉक हेइ’ म्हणतात त्यातला वॉक म्हणजे कढई आणि हेइ म्हणजे श्वास किंवा प्राण. कढई अतिशय तापलेली असते तेव्हा अन्नावरचे पाणी क्षणात उडते, पिठाचा आणि सॉसचा पृष्ठभाग खरपूस होतो, आणि उसळवताना तेलाचे बारीक थेंब ज्योतीत पेटून धुराचा एक हलका वास मागे ठेवतात. येथील रस्त्यांवरच्या ‘दाइ पाइ दोंग’ टपऱ्यांवर, म्हणजे मोठ्या परवान्याच्या टपऱ्यांवर, ही आच डोळ्यांनी पाहता येते. ज्योत कढईच्या कडेवर चढून आत डोकावते. नवे परवाने फार पूर्वीच बंद झाल्यामुळे अशा टपऱ्या आता मोजक्याच उरल्या आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. घरच्या शेगडीची आच त्या आचेच्या जवळपासही जात नाही. मग ही उणीव दोन गोष्टींनी भरून काढायची: भांडे जाड घ्यायचे आणि एका वेळी थोडे करायचे.

यातली दुसरी गोष्ट मी फार उशिरा शिकलो. येथे आल्यावर पहिल्याच वर्षी सहा जणांना जेवायला बोलावले आणि सगळे नूडल्स एकदमच कढईत घातले. पाच मिनिटांत कढई थंड पडली, वाफ बाहेर पडायला वाट उरली नाही, आणि खालचे नूडल्स करपत असताना वरचे उकडत राहिले. पाहुण्यांनी ते गोड मानून खाल्ले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पो पोंनी मला एका माणसापुरते नूडल्स परतून दाखवले, मग ते ताटात काढून तसेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्या दिवसापासून मी एका वेळी एका ताटापुरतेच करतो, आणि तूही वर सांगितलेल्या १२० ग्रॅमचे दोन घाणेच काढ; सॉसही अर्धा अर्धा वाटून घे.

भांड्याचे म्हणशील तर नॉनस्टिक कढई यासाठी बाहेर काढूच नकोस. इतकी आच तिला सोसत नाही. काकूंचा घावनांचा बिडाचा तवा, वर्षानुवर्षे तेल पिऊन काळा आणि गुळगुळीत झालेला, मला अजून आठवतो. त्यांनी परवानगी दिली तर तोच घे. येथील गोल बुडाची, दोन कानांची कढई मोठ्या ज्योतीवर शोभते. आपल्या शेगडीवर सपाट, जाड, तापलेले बीडच अधिक उपयोगी पडते, कारण नूडल्सचा जास्त भाग एकाच वेळी लोखंडाला टेकतो.

तवा धूर येईपर्यंत तापव. चमचाभर तेल सगळीकडे फिरवून पुसून काढ आणि मग ताजे, थंड तेल एक मोठा चमचा घाल. तवा तापलेला आणि तेल थंड, हा येथील प्रत्येक स्वयंपाकघरातला नियम आहे, आणि त्यामुळे नूडल्स चिकटत नाहीत. आता नूडल्स पातळ पसर आणि पूर्ण एक मिनिट हात लावू नकोस. येथे धीर सुटतो, आपण उगीच ढवळत बसतो आणि ते तुटतात. खालची बाजू सोनेरी झाली की उलथण्याने सगळे एकदम उलट, दुसरी बाजूही तशीच होऊ दे आणि बशीत काढून ठेव. त्याच तव्यावर कांद्याच्या पातीचे पांढरे भाग आणि मोड टाकून अर्ध्या मिनिटात परत. मोडांचा कच्चा वास जावा पण कुरकुरीतपणा राहावा. नूडल्स परत घाल आणि सॉस एकदम मध्यभागी न ओतता तव्याच्या कडेकडेने फिरव, म्हणजे तो लोखंडावर तडतडून मग नूडल्सना लागेल. येथून पुढे उलथणे बाजूला ठेव आणि दोन चॉपस्टिकने नूडल्स उचल, हलव, सोड. सॉस प्रत्येक धाग्याला लागून पुन्हा कोरडा व्हायला मिनिटभर लागते. शेवटी लसणाची पात, कांद्याची हिरवी पात आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब. तिळाचे तेल येथील भाजलेल्या तिळाचे हवे; आपले घाण्याचे तेल फिके पडते. तीही बाटली पाठवतो आहे.

नीट जमले की ताटात तेल किंवा सॉस उरलेला दिसत नाही, आणि चॉपस्टिकने उचललेला घास खाली लोंबतो पण गोळा होत नाही. झाकण मात्र ठेवू नकोस. दोन मिनिटांच्या वाफेने सगळे काम फुकट जाते. बरोबर पेज कर, मीठ कमी घालून.

माझा आतेभाऊ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला येतो आहे. त्याच्याबरोबर दोन्ही सॉस, तिळाचे तेल आणि बारीक एग नूडल्सची चार पाकिटे देतो; तो ती कुरिअरने रत्नागिरीला पाठवील. मूग पार्सल तुझ्याकडे पोहोचण्याच्या पाच दिवस आधी भिजत घाल. पहिला घाणा झाला की आवाज कसा आला ते मला अवश्य कळव, आणि तळाशी पाणी सुटले असेल तर तेही न लपवता लिही.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि तव्यासाठी माझ्या वतीनेही विनंती कर. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित,
मित्र