भूलतज्ज्ञाची पहिली भेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

येत्या १६ ऑक्टोबरला जागतिक भूल दिन आहे. १८४६ साली याच दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया वेदनेविना होऊ शकते, हे सर्वांसमक्ष दाखवून दिले. त्या निमित्ताने, जिल्ह्याच्या गावी अनेक वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना जे मनात साठले आहे, ते आपल्या वाचकांपुढे मांडण्याची परवानगी असावी.

‘इंजेक्शन देऊन झोपवणारे, बाहेरून येणारे डॉक्टर’ एवढीच आमची ओळख बहुतेक रुग्णांना असते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया चालू असते तोवर रुग्णाचा श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू सांभाळत आम्ही त्याच्या उशाशी असतो. आता तर हे काम शस्त्रक्रियागृहापुरतेही राहिलेले नाही. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा श्वास बंद पडत चाललेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत त्यांना जगवण्याचा मार्ग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानेच सुचवला, आणि आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून झाली. आपल्याकडे केरळमधील कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह कर्करुग्णांच्या वेदनाशमनाचे काम उभे केले, ते आज देशभर आदर्श मानले जाते.

असे असताना आमची आणि रुग्णाची पहिली भेट मात्र अजूनही अनेक ठिकाणी टेबलावरच होते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात गुडघा बदलण्यासाठी आलेल्या आजींना कमरेखालची भूल द्यायची ठरली होती. पाठीत सुई टोचण्यापूर्वी सहज विचारले, तेव्हा त्या हृदयातील स्टेंटसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, अगदी आदल्या रात्रीपर्यंत घेत होत्या असे कळले. अशा वेळी मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब आला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. ही गोळी हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, आणि ते शक्य आहे की नाही याचा निर्णय आदल्या आठवड्यातच व्हायला हवा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. नातेवाइकांचा राग माझ्यावर निघाला, आणि उपाशीपोटी ताटकळलेल्या त्या आजींकडे पाहून मला तो रास्तच वाटला, कारण त्यांना आधी भेटण्याची सोयच कोणी केली नव्हती.

ठरवून केल्या जाणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी भुलीची तपासणी वेगळ्या दिवशी, नातेवाइकांना सोबत बसवून आणि चालू औषधांची चिठ्ठी पाहून व्हावी, असा आग्रह रुग्णांनीही धरावा. तातडीच्या सिझेरियनला हे लागू नाही, पण गुडघा, हर्निया किंवा पित्ताशय यांच्या शस्त्रक्रियांना घाई नसते.

वेदनेबाबत तर आपण फारच मागे आहोत. सोनोग्राफीच्या मदतीने नेमक्या नसेभोवती औषध सोडून शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे कित्येक तास आटोक्यात ठेवता येते, तरीही ‘ऑपरेशन म्हटले की दुखणारच’ अशी समजूत घालून रुग्णाला गप्प केले जाते. कर्करुग्णांचे हाल त्याहून मोठे आहेत. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिन या प्रभावी वेदनाशामकावरील जाचक नियम १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करून सैल करण्यात आले. तरीही तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिनची गोळी मिळावी म्हणून अखेरच्या अवस्थेतील रुग्णाच्या मुलाला एसटीने मोठ्या शहरात खेटे घालावे लागतात, हे मी पाहत आलो आहे.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून किमान दोन दिवस भूलतज्ज्ञांचा वेदना बाह्यरुग्ण विभाग चालावा आणि तिथेच मॉर्फिन मिळावे, ही माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. त्यासाठी भूलतज्ज्ञांची रिक्त पदे भरावी लागतील. ती भरेपर्यंत आमच्यासारख्या खासगी भूलतज्ज्ञांना मानधनावर बोलवावे. बोलावणे आले तर मी स्वतः यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ